ओझे उतरवताना : घरी शिकणाऱ्या मुलांचा भाषेचा अभ्यास

'गृहशिक्षण' हा शब्द अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून बराच वाचावयास मिळतो. पुण्या-मुंबईकडील काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवितात. भाषेचा अभ्यासक्रम कोणता घ्यावा, तो भारी असावा की हलका, यावर ती आपसांत पुष्कळ विचारविनिमय करतात. आपल्याकडे हा शब्द कोणी वापरत नाही. परंतु घरी शिकली नाहीत तर वर्षातला निम्मा काळ अजिबात न शिकणारी मुले आपल्या बीड जिल्ह्यात थोडीथोडकी नाहीत. दसरा होतो, दिवाळी तोंडावर येते, आणि धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतील गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-साताऱ्याकडे, कोणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत. कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ही माणसे परत येत नाहीत. मुलांपैकी काही आईबापांबरोबर कोपीवर जातात, काही गावी आजीआजोबांजवळ राहतात. शहरात गृहशिक्षण ही आवड आहे. येथे ती गरज आहे.

मी कला शाखेच्या तृतीय वर्षात शिकते. माझे चुलते-चुलती दरवर्षी कोयत्यावर जातात. गेले दोन हंगाम धारूर तालुक्यातील आमच्या गावी, आजीच्या ओसरीवर, मी घरच्या आणि शेजारच्या मिळून सहा मुलांना संध्याकाळी मराठी शिकवीत आले आहे. त्या अनुभवातून आणि थोड्याफार वाचनातून जे हाती आले ते येथे मांडीत आहे. प्रश्न एवढाच आहे : ज्या मुलांच्या वाट्याला अर्धेच वर्ष येते, आणि शिकविणाऱ्याच्या वाट्याला दिवसाचा पाऊण तास, त्यांच्यासाठी भाषेच्या अभ्यासातले काय ठेवावे आणि काय सोडावे?

'हलका' या शब्दाचे दोन अर्थ

आपल्या भाषेत 'हलका' हा शब्द मोठा फसवा आहे. डोक्यावरची मोळी हलकी झाली तर बरे वाटते, पण माल हलका निघाला तर आपण तो परत करतो. एक अर्थ वजनाचा, दुसरा प्रतीचा. गरिबांच्या मुलांसाठी 'हलका अभ्यासक्रम' असे कोणी म्हटले की पुष्कळदा पहिल्या अर्थाच्या आडून दुसरा आत येतो. 'या मुलांना काय करायच्या आहेत गोष्टी न् कविता? सही करता आली, पाटी वाचता आली म्हणजे झाले,' असे म्हणणारी माणसे आपल्याला गावात भेटतात आणि गावाबाहेरही भेटतात. हा हलकेपणा आपल्याला नको आहे.

ओझ्याविषयी आपल्या देशात विचार झालेला नाही असे नाही. कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयी कळकळीने भाषण केले होते. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1993 साली तिचा अहवाल आला. त्याच्या नावाचा अर्थच 'ओझ्याविना शिक्षण' असा आहे. त्या समितीने एक मार्मिक गोष्ट नोंदविली. पाठीवरच्या दप्तराचे वजन हे एक ओझे खरे; पण त्याहून घातक ओझे न समजण्याचे आहे. जे वाचले ते कळले नाही, तरी ते पाठ करून लिहिले पाहिजे, हे ते ओझे.

हे वाचल्यावर माझ्यापुरती 'हलका' या शब्दाची व्याख्या मी ठरविली : थोडे घ्यावे, पण जे घ्यावे ते पुरते करावे. पुस्तकातले वीस धडे वरवर उरकण्यापेक्षा आठ धडे मुलाला समजून, मोठ्याने, न अडखळता वाचता आले, त्यांवर बोलता आले आणि चार ओळी स्वतःच्या लिहिता आल्या, तर तो अभ्यासक्रम वजनाला हलका आणि प्रतीला भारी होतो.

आधी मूल कुठे आहे ते पाहावे

अभ्यासक्रम निवडण्याआधी मुलाची इयत्ता विचारण्याचा आपला रिवाज आहे. माझ्या सहा मुलांत पहिलीतला एक, तिसरीतली दोन, चौथीतली एक, पाचवीतली एक आणि सहावीतला एक अशी विभागणी होती. या इयत्तांवर विसंबून प्रत्येकाला त्याच्या पुस्तकातून एकेकटे शिकविले असते तर पाऊण तासात प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटे आली असती.

'प्रथम' ही संस्था 2005 पासून 'असर' नावाची पाहणी करते. तिच्यात मुलांचे वाचन तपासण्याची एक साधी शिडी वापरतात. अक्षरे वाचता येतात का? सोपे शब्द येतात का? पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद येतो का? दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट येते का? एका मुलाला पाच-सात मिनिटे लागतात, आणि कागदाच्या एका पानाखेरीज काही लागत नाही. त्या शिडीवर पाहिले तेव्हा पहिलीतला मुलगा आणि तिसरीतली दोन्ही मुले अक्षरांच्या पायरीवर निघाली. चौथीतली मुलगी शब्दांवर, सहावीतला मुलगा परिच्छेदावर. गोष्ट सरळ वाचणारी एकटी पाचवीतली मुलगी होती. पाच इयत्तांची चिंता मिटली आणि तीन गट हाती आले. गट वाचनावरून पाडावेत, इयत्तेवरून नव्हे. ओझे उतरविण्याची सुरुवात येथूनच होते.

काय उतरवावे

पहिली गोष्ट उतरविली ती बाराखडीची घोकंपट्टी. राज्य शासनाने 2009 साली निश्चित केलेल्या वर्णमालेत एकंदर 52 वर्ण आहेत. त्यांपैकी 34 व्यंजनांची बारा-बारा रूपे धरली तर चारशे आठ रूपे होतात. ती सगळी ओळीने पाठ झाल्यावर मग शब्द, असा जुना क्रम. अर्ध्या वर्षात बाराखडी संपते तोच पट्टा पडतो, आणि मुलाने एकही अर्थाचे वाक्य वाचलेले नसते. फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचन शिकविण्याचा निराळा क्रम रुळविला. त्यात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता लहान लहान गटांनी घेतात, आणि प्रत्येक गटातून लगेच अर्थाचे शब्द व वाक्ये तयार होतात. त्याच धर्तीवर मी पहिला गट केला तो क, म, ल, न, र, ब आणि सोबत फक्त काना. एवढ्या सामग्रीत नाक, कान, काम, कलम, रान, माल, बाबा, मामा, काका असे कितीतरी शब्द होतात, आणि 'मामा, काम कर' हे आख्खे वाक्य होते! दुसऱ्या गटात ऊ, स, ग, ड, त, य घेतले व वेलांटी आणली. लगेच 'ऊस' आला, 'गाडी' आली, 'सरी' आली.

हे शब्द मुद्दाम निवडले होते. ब्राझीलच्या ईशान्य भागात, जो भागही उसाचाच, पाउलो फ्रेरी या शिक्षकाने 1960 नंतरच्या वर्षांत निरक्षर प्रौढांना शिकविताना त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द आधी वेचले आणि त्यांवरून अक्षरे शिकविली. जो शब्द तोंडात आहे त्याचे अक्षर डोळ्यांना लवकर ओळखीचे होते. 'ऐरण' आणि 'औत' यांतले औत आमच्या मुलांनी पाहिलेले असते. ऐरण दाखवायला मात्र लोहाराचे घर शोधावे लागते.

दुसरी गोष्ट, व्याकरणाच्या व्याख्या. 'नाम कशास म्हणतात?' याचे उत्तर पाठ असणारा मुलगा 'माझ्या गावाचे नाव' एवढे नीट लिहू शकत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परिच्छेद सहज वाचता येईपर्यंत एकही व्याख्या घ्यायची नाही, असे मी ठरविले.

तिसरी, शुद्धलेखनाचे सगळे नियम एकदम. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम 1962 साली शासनाने मान्य केले, 1972 साली त्यांत चारांची भर पडली. असे अठरा नियम आपल्यापैकी मराठी विषय घेणाऱ्यांनाही अधूनमधून पुन्हा उघडून पाहावे लागतात. मुलांसाठी मी त्यांतला एकच घेतला : मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ लिहावा. गाडी, पाणी, विळी, वासरू, लिंबू, चाकू. एवढ्या एका नियमाने वहीतल्या निम्म्याहून अधिक लाल रेघा नाहीशा झाल्या. बाकीचे नियम वाचनातून डोळ्यांना सवय होऊन येतील तेवढे येऊ द्यावेत.

चौथी, प्रश्नोत्तरे उतरवून काढणे. धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकातून वहीत उतरविण्यात मुलाचा हात चालतो, डोके चालत नाही. हे काम पूर्णपणे बंद केले. वेळेची सर्वांत मोठी बचत येथे झाली.

काय उतरवू नये

आता जे कितीही घाई असली तरी सोडू नये असे मला वाटते, ते सांगते. ते चारच प्रकार आहेत.

पहिला, बोलणे. आमची मुले 'मपलं', 'तुपलं', 'काऊन' अशी बोलतात. तांड्यावरून येणाऱ्या मुलांच्या घरी गोरबोली असते. पुस्तकातले 'माझे' आणि 'तुझे' त्यांना परके वाटते, आणि परक्या भाषेत चुकण्याच्या भीतीने मूल गप्प बसते. म्हणून आधी मूल जसे बोलेल तसेच फळ्यावर लिहावे, मोठ्याने वाचून दाखवावे आणि मग शेजारी पुस्तकी रूप लिहावे. घरची भाषा खोडायची नाही, तिच्या शेजारी दुसरी मांडायची. दोन्ही वाचता आल्या की मुलालाच गंमत वाटू लागते.

दुसरा, ऐकणे. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरात भाषा नाही असे समजणे चूक आहे. आमची आजी निरक्षर आहे; पण जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी, कहाण्या यांचे तिचे भांडार आपल्या पाठ्यपुस्तकांहून मोठे आहे. गी पॉइत्व्हॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात आपल्या माजलगावच्या बायकांनी गायिलेल्या ओव्याही आहेत. तेव्हा रोज दहा मिनिटे आजीने सांगायचे आणि मुलांनी ऐकायचे, आणि एखादे दिवशी मी पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवायची, असा पाठ ठेवला. ज्या मुलाला वाचता येत नाही त्यालाही चांगली भाषा कानावाटे मिळालीच पाहिजे. वाचनाची गती मंद आहे म्हणून ऐकण्याचा दर्जा उतरविण्याचे कारण नाही.

तिसरा, स्वतः वाचणे. रोज, प्रत्येकाने, आपल्या पायरीचे, मोठ्याने. ज्याला अक्षरे येतात त्याने गटातले शब्द वाचावेत, ज्याला परिच्छेद येतो त्याने परिच्छेद. वाचून झाल्यावर एकच प्रश्न : 'काय झाले, सांग बरं?' सांगता आले तर वाचले, नाहीतर पुन्हा वाचायचे.

चौथा, स्वतःचे लिहिणे. दोन ओळी असोत, पण त्या कुठून उतरविलेल्या नसाव्यात. 'आज शेळीला पिल्लू झालं.' 'आईचा फोन आला नाही.' हे आमच्या वहीतले लेखन आहे. त्यात वेलांट्या चुकतात, पण वाक्य मुलाचे असते.

हिशेब मांडला तर असा होतो. दहा मिनिटे बोलणे-ऐकणे, पंधरा मिनिटे गटागटाने वाचन, दहा मिनिटे ज्याचे त्याने मनात वाचणे, दहा मिनिटे लेखन. एकूण पंचेचाळीस मिनिटे. आठवड्याचे सहा दिवस आणि हंगामाचे चोवीस आठवडे धरले तर 144 दिवस, म्हणजे 108 तास. सहा-सहा अक्षरांचे आठ-नऊ गट, एका गटाला दोन आठवडे, म्हणजे सुमारे अठरा आठवडे. उरलेल्या सहांत जोडाक्षरे. कोरी पाटी घेऊन आलेले मूलही पट्टा पडेपर्यंत सोपी गोष्ट वाचू लागण्याची आशा या हिशेबात आहे. मात्र खाडे झाले नाहीत तर!

पुस्तकांची निवड

पाठ्यपुस्तक सोडून द्यावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. बालभारतीची पुस्तके स्वस्त आहेत, संकेतस्थळावरून फुकटही मिळतात, आणि मुलाला एप्रिलनंतर त्याच पुस्तकाकडे परत जायचे आहे. पण त्यातून निवड करण्याचा हक्क आपण घ्यावा. मी प्रत्येक पुस्तकातून सात-आठ पाठ निवडते. ज्यात गोष्ट आहे आणि वाक्ये लहान आहेत असे पाठ आधी, आणि दोन कविता, ज्या मोठ्याने म्हणायला गोड लागतात. बाकीचे पाठ मी वाचून दाखवते. त्यांवर लिहावयाचे काही नाही.

पूरक वाचनासाठी बालभारतीचेच 'किशोर' मासिक आहे. ते 1971 साली सुरू झाले आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत; पहिल्या पायरीवर पानाला एखाददुसरेच वाक्य असते. माधुरी पुरंदरे यांची 'लिहावे नेटके' ही पुस्तके भाषेच्या अभ्यासासाठी मराठीत फार मोलाची आहेत. मात्र ती ज्याला वाचता येते त्याच्यासाठी. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलापुढे ती ठेवली तर तेही ओझेच होईल. माझ्या पाचवीतल्या मुलीला त्यांचा उपयोग झाला, इतरांना अजून नाही. पुस्तक चांगले असणे आणि या मुलाला आज योग्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अभ्यासक्रम निवडण्याचे मर्म मला यातच दिसते.

साधनांची अडचण सांगितली जाते, तीही फार मोठी नाही. खताच्या रिकाम्या गोणीची आतली पांढरी बाजू उलटून तिच्यावर जाड अक्षरांत शब्द लिहिले की भिंतीचा तक्ता होतो. दासोपंतांनी कागदाऐवजी लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला. ती पासोडी आपल्या अंबाजोगाईचे भूषण आहे. तेव्हा कापडावर लिहिण्यात कमीपणा मानण्याचे आपल्याला तरी कारण नाही!

कोपीवरची मुले

गावी राहिलेल्या मुलांचे एकवेळ सोपे आहे. काही गावांत हंगामी वसतिगृहे चालतात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. शिरूर तालुक्यात आर्वीचे 'शांतिवन' आहे. कोपीवर गेलेल्या मुलांचे काय? कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्याचा प्रयत्न 'जनार्थ'सारख्या संस्थांनी केला. पुढे शिक्षण हक्क कायदा आला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. मग निराळ्या शाळेपेक्षा जवळच्या नेहमीच्या शाळेत मुलांना घ्यावे, यावर भर आला. तत्त्वतः ते योग्यच आहे. पण फड आज इथे, पंधरा दिवसांनी तिथे. आणि आई उसात असताना तान्ह्याला कोणी सांभाळायचे, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

माझ्या सहांतली तिसरीतली मुलगी जानेवारीत असेच धाकट्या भावासाठी कोपीवर बोलावली गेली. त्या वेळी एका पिशवीत काय द्यावे हे मला ठरवावे लागले, आणि 'हलका' अभ्यासक्रम खरोखर किती हलका असू शकतो याची परीक्षा झाली. मी दिले ते इतके : अक्षरगटांची वही, चित्रांची तीन छोटी पुस्तके, एक कोरी वही, पेन्सिल. रात्री आईबाप फडावरून परत आल्यावर, फोनमध्ये पैसे आणि कोपीत चार्जिंग असेल तेव्हा, तिने एक पान वाचून दाखवायचे. आठवड्यातून दोनदा, कधी एकदाच, हे जमले. एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा तिन्ही पुस्तकांचे कोपरे उडालेले होते. जोडाक्षरे तिला अजून येत नाहीत. पण जे आले होते ते गेले नाही. मागल्या वर्षी ते गेले होते.

येथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण करून द्यावीशी वाटते. 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून आणि नंतर कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' होती. मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणावर जाईल. ताराबाईंनी शाळा हलविली, पण तिची प्रत उतरविली नाही. आपल्याला धडा घ्यावयाचा तो हा.

एक आक्षेप

आमच्या एका प्राध्यापकांनी या प्रयोगाविषयी ऐकून एक रास्त शंका घेतली. 'हा निवडलेला अभ्यास घेऊन मूल वर्गात परत गेले की बाकीची मुले त्याच्या पुढे असणार. तुम्ही त्याला कायमचे दुसऱ्या रांगेत तर बसवीत नाही ना?' या प्रश्नाने मी बरेच दिवस अस्वस्थ होते. माझे उत्तर असे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावयाचे असते आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. गाव सोडताना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेता येते, म्हणजे दुसऱ्या गावची शाळा मुलाला बसवून घेते. घरचा अभ्यास हा या हक्काच्या ऐवजी नाही. मुलाचे नाव हजेरीपटावर राहिलेच पाहिजे. पण वर्गात बसण्याचा हक्क मिळाला तरी वाचता न येणारे मूल तेथे काय करणार? वाचता येत असेल तर राहिलेले दहा पाठ ते जून-जुलैत स्वतः वाचू शकते. वाचता येत नसेल तर शिकविलेले वीस पाठही त्याचे होत नाहीत. राहिलेला धडा भरून निघतो. राहिलेले वाचन मात्र प्रत्येक इयत्तेत मागे उभे असते.

आणि वाचन कशासाठी, हेही विसरता कामा नये. पाचवीतल्या त्या मुलीचे आईवडील गाडीसेंटरला होते. हंगाम संपवून आल्यावर आईने काट्याच्या पावत्यांची कॅरीबॅग तिच्यापुढे ओतली. तिने तारखेप्रमाणे पावत्या लावल्या, गाडी नंबर आणि वजन मोठ्याने वाचले, आणि बापाने मुकादमाच्या वहीशी ते ताडून पाहिले. दोन पावत्या वहीत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या सांगितल्यावर मुकादमाने निमूटपणे धरल्या. उचल त्याने फिटली असे नाही. अजून बरीच बाकी आहे. पण हिशेब पहिल्यांदाच घरात वाचला गेला. त्याच संध्याकाळी ती 'किशोर'मधली भुताची गोष्ट घेऊन बसली होती. एकाच वाचनाने दोन्ही कामे होतात. म्हणूनच मुलांना नुसती पावती वाचण्यापुरते शिकवावे, हे म्हणणे मला पटत नाही. गोष्टीच्या ओढीने वाचणाऱ्यालाच पावती सराईतपणे वाचता येते.

शेवटी

आपल्या महाविद्यालयात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून आलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. ते स्वतःहून सांगत नाहीत एवढेच. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आपण दरवर्षी घेतो, रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चालूच राहावे. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वस्तीवरच्या तीन-चार मुलांची वाचनाची पायरी एकदा तपासून पाहावी; पाच-सात मिनिटांचे काम आहे. मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर पहिली ते पाचवीच्या पुस्तकांतून निवडक पाठांची यादी आणि अक्षरगटांची एक लहानशी वही तयार होऊ शकेल, आणि दसऱ्याआधी ती गावोगाव नेण्याचे काम आम्ही विद्यार्थी करू. कोपीवर जाणाऱ्या गाठोड्यात भांडी, ज्वारी, अंथरूण-पांघरूण असते. त्यात पावशेराचे भाषेचे पुस्तक सहज मावते. कोणते द्यावे, एवढे आपण नीट विचारपूर्वक ठरवू या.